खजुराच्या डब्यातल्या काचा

माझं काम कापायचं. हॉस्पिटलात आहे म्हटलं की लोक विचारतात, नर्स का? नाही. मग रक्त काढता का? तेही नाही. डॉक्टरांनी माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे पापुद्रे काढायचे, ते काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. कॅन्सर आहे की नाही ते पॅथॉलॉजिस्ट सांगतात, पण ज्या काचेवरून सांगतात ती माझ्या हातची असते. माझं एवढं बोलून होईपर्यंत समोरच्या बाईने हातातला समोसा खाली ठेवलेला असतो. म्हणून दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला मी आता सरळ सांगते, हॉस्पिटलात ऑफिसला आहे. खलास.

शारजाच्या त्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं काढली, त्यातली बारा भाईंच्या शेजारच्या स्टुलावर. भाई म्हणजे आमच्या सेक्शनचे सीनियर. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. घरचे सगळे बोटीवर जाणारे आणि ह्यांनाच बोट लागायची, म्हणून विमानाने आलो, असं ते स्वतःच सांगायचे. लॅबमध्ये लागले ते बरण्या धुवायला. धुता धुता बघत गेले, बघता बघता शिकले, आणि चाळिशी उलटल्यावर परीक्षा देऊन लायसन्स काढलं. आम्ही डिग्रीवाले पाच जण होतो तिथे. पण तिळाएवढा तुकडा आला की आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, पहिला प्रश्न विचारायच्या, "भाई ड्यूटीवर आहेत ना?" डॉक्टरबाई सुदानच्या, पण भाई हा शब्द त्यांनी असा उचलला होता की बाईंना ते ह्या माणसाचं नावच वाटत असावं.

मला सुरुवातीला ह्या गोष्टीचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? मी मिरजेहून रीतसर शिकून आलेली, आणि मान कुणाला, तर शारजातल्या रोल्लाच्या एका खोलीत सहा जणांत राहणाऱ्या, इंग्रजी अर्धवट बोलणाऱ्या माणसाला. पुढे त्यांचे हात बघितले आणि गप्प बसले. यंत्राचं चाक ते असं फिरवत की आवाज यायचा नाही. केस उभा चिरून त्याचे पंधरा-वीस पदर काढावेत इतका एकेक पापुद्रा पातळ असतो. तो पात्यावरून सुटतो तेव्हा एकाला एक चिकटून मेणाची लांब पट्टी तयार होते. ती पट्टी कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलायची. भाईंची पट्टी पाण्यावर पडली की जागच्या जागी सरळ व्हायची. माझी अजूनही कधीकधी सुरकुतते.

त्यांची एक खोड होती. बारीक तुकड्याची पहिली पट्टी बहुतेक वेळा वाकडीतिकडी येते, आम्ही सगळे ती ब्रशने ढकलून देतो. भाई देत नसत. ती ते पाण्यावर सोडत, सरळ करत, कोऱ्या काचेवर घेत, पेन्सिलीने नंबर घालत आणि खजुराच्या रिकाम्या डब्यात ती काच उभी करून ठेवत. आपलीच नव्हे, आम्ही टाकलेलीसुद्धा. रिपोर्ट सुटला आणि महिनाभर कुणी काही विचारलं नाही, की मगच त्या काचा जात.

"भाई, तुम्ही कोकणातले लोक नारळाची करवंटीसुद्धा टाकत नाही," मी चिडवायची.

"करवंटी टाकून कसं चालंल? पळी कशाची करनार?" ते मान वर न करता म्हणत. मग पुढे, "आणि बाय, करवंटी तरी आपली असते. हा तुकडा आपला नाय. ही अमानत हाय."

अमानत म्हणजे कुणी विश्वासाने आपल्या हवाली केलेली वस्तू. मी मान डोलवायची आणि माझी पट्टी ढकलून द्यायची.

ज्या दिवशी त्या चिनी माणसाचा तुकडा आला त्या दिवशी सकाळीच माझं लेकीशी वाजलं होतं. तिच्या शाळेत आईवडिलांनी येऊन आपापल्या कामाबद्दल बोलायचं होतं. मी म्हटलं, मी येते की. तर बाईसाहेब म्हणतात, "ममा, प्लीज डोन्ट. इट्स सो ग्रोस." किळसवाणं म्हणे माझं काम. मी मराठीत पाच मिनिटं बोलले, तिने इंग्रजीत दोन शब्दांत संपवलं. सकाळी दुबईहून शारजाला जाणाऱ्यांना रस्ता मोकळा मिळतो, सगळी गर्दी समोरून येत असते. त्यामुळे भांडण डोक्यात घोळवायला मला ऐसपैस वेळ मिळाला, आणि लॅबमध्ये शिरले ती धुमसतच.

तुकड्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं: चिनी पुरुष, वय बेचाळीस, नाकाची डावी बाजू. आठ महिने नाक बंद, मधूनमधून रक्त. दुसरीकडे दोनदा तुकडा काढून झालेला आणि दोन्ही वेळा उत्तर एकच, मेलेलं मांस आणि सूज. खाली नाकाच्या सर्जननी लिहिलं होतं, लिम्फोमा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. लिम्फोमा म्हणजे अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशींचाच कॅन्सर. मी ते वाचलं आणि पुढे गेले. आठ महिने नाक बंद असणं इथे कुणाला विशेष वाटत नाही. बाहेर धूळ, आत एसी, इथे धड नाक आहे कुणाचं?

आधीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, गर्भाशयातल्या मोठ्या गाठीचा होता. तसल्या मोठ्या ब्लॉकचं वरचं मेण खरवडायला यंत्राचा काटा तीसवर न्यावा लागतो, म्हणजे एका फेऱ्यात जाड थर निघतो. बारीक तुकड्याला काटा मागे चारवर आणायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी आणला नाही. डोक्यात 'इट्स सो ग्रोस' चाललेलं आणि हाताने चाक फिरवत गेले. लक्षात आलं तेव्हा तिळातला अर्धाअधिक तीळ भुसा होऊन खाली पडला होता. घाईघाईने काटा चारवर आणला, एक पट्टी काढली, ती सुरकुतली, ढकलून दिली, दुसरी काढली, ती काचेवर घेतली. कुणी बघितलं नाही असं वाटलं. चहाला निघून गेले. कुणाला काही बोलले नाही, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी काच बघितली. बहुतेक सगळं मेलेलं मांस, पण एका कडेला मूठभर पेशी त्यांना खटकल्या. त्यांनी खास रंग मागवले, आणि एक चाचणी, जी पेशींच्या आत एका विषाणूचा माग दाखवते. त्यासाठी त्याच ब्लॉकचे आणखी पापुद्रे हवे होते. मी ब्लॉक उजेडाला धरला. आरपार मेण. त्यात माणूस शिल्लक नव्हता.

मी सर्जनच्या ओपीडीत फोन लावला, पुन्हा तुकडा मिळेल का विचारायला. सिस्टर म्हणाली, "पॉसिबल नहीं है मॅडम." टाळू आतून इतकी पातळ झाली होती की आणखी चिमटा घेतला तर तोंडात आरपार भोक पडेल, रक्त थांबणार नाही. वर रोज ताप. सर्जननी सांगितलं होतं, ह्याच तुकड्यावर निदान करा.

त्यानंतर तासाभरात तो स्वतः आमच्या खिडकीशी आला. आमच्या सेक्शनला एक छोटी खिडकी आहे, तिथून लोक दुसरीकडे दाखवायला ब्लॉक आणि काचा घेऊन जातात. पेशंट आमच्याकडे सहसा येत नाही, त्याचा नंबर येतो. हा माणूस मास्क लावून उभा होता, अंगात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीचा ओव्हरऑल. त्याने माझ्याकडे बघून मला हिंदुस्तानी ठरवलं, फोनवर काहीतरी बोलला आणि फोन माझ्यापुढे धरला. फोनमधली भाषांतर करणारी बाई एकदम गोड आवाजात म्हणाली, "कृपया मेरे मांस का टुकड़ा मुझे वापस दीजिए."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते. त्याने नाक पुसायला मास्क खाली केला. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. फोन पुन्हा बोलला. बायको घरी बोलावते आहे, तिकीट काढलं आहे, तिथले डॉक्टर म्हणतात की तुकडा घेऊन ये, त्याच्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. मी म्हटलं, "कल आइए." त्याने ऐकलं, मान हलवली आणि फोन दोन्ही हातांनी खिशात ठेवला. माझं कल ऐकून तो निवांत झाला, ह्याचीच मला लाज वाटली.

मी भाईंच्या स्टुलाशी जाऊन उभी राहिले. "भाई, माझ्या हातून घाण झालीय."

त्यांनी हातातली पट्टी संपवली, चाकाला खीळ घातली आणि मग वळले. मी सगळं सांगितलं. लेकीपासून.

"काटा तीसवर ऱ्हायला?"

"हो."

"माझाबी ऱ्हायला होता एकदा," ते म्हणाले. "तू यायच्या आदी. एका म्हातारीचा तुकडा. तिचा रिपोर्ट झालाच नाय कदी. तवापासनं उचलतोय मी पट्ट्या." एवढं सांगून ते उठले, कपाटातून खजुराचा डबा काढला आणि बोटाने नंबर चाळू लागले.

सहा काचा होत्या. मी ढकलून दिलेली सुरकुतलेली पट्टी, मी चहाला गेले तेव्हा टेबलावरून उचललेली, पाण्यावर सरळ केलेली, सहा काचांवर घेतलेली. सहाही काचांवर माझ्या त्या ब्लॉकचा नंबर, भाईंच्या वाकड्या अक्षरात. मी तिथेच टेबलाला धरून रडले, आणि ते म्हणाले, "आता रडून काचेवर पानी नको पाडू. जा, बाईंना सांग."

मी जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. काट्यापासून डब्यापर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, सांगितलंस हे बरं केलंस, फॉर्म भर, आणि ह्या काचांना तू हात लावू नकोस, भाईंना करू दे. लागलं मला. पण त्यांचं बरोबर होतं, आणि फॉर्म मी एकही शब्द न लपवता भरला.

दोन दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी फोनला सांगितलं की आणखी दोन दिवस थांबा. त्याने तिकीट पुढे ढकललं. ते दोन दिवस भाई त्या काचांच्या आसपास कुणाला फिरकू देईनात. डॉक्टरबाईंनी सहापैकी चार काचा वापरायच्या आणि दोन राखायच्या ठरवल्या होत्या. रसायनाचा एकेक थेंब टाकून भाई घड्याळ बघत उभे राहत. मी लांबून बघत होते. शिकण्यासारखं इतकं जवळ होतं आणि इतकी वर्षं मी त्या माणसाला करवंटीवरून चिडवत होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन बाजूंनी बघता येतं. भाई आधी बसेनात, मग बसले. मग मी बघितलं. करड्या, मेलेल्या मांसाच्या कडेला गर्द निळ्या ठिपक्यांची एक ओळ. प्रत्येक ठिपका म्हणजे विषाणू घेऊन बसलेली एक पेशी. कॅन्सर होता, आणि कुठला ते आता नक्की होतं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. हा लिम्फोमा आपल्याकडच्या लोकांत क्वचित दिसतो, चीनकडच्या लोकांत त्यामानाने जास्त. नाकात नाहीतर टाळूत सुरू होतो आणि जिथे असतो तिथलं मांस मारत जातो, म्हणून तुकडा काढला की मेलेलंच हाती येतं आणि डॉक्टर फसतात. तिकडचे डॉक्टर असं नाक बघून आधी ह्याचाच विचार करतात. इथे आम्ही धूळ, एसी, ॲलर्जी सगळं संपवून शेवटी ह्याच्याकडे येतो. आणि नाव नक्की कळणं का गरजेचं, तर दुसऱ्या लिम्फोमांना दिलं जाणारं नेहमीचं औषध ह्या पेशी पंप लावल्यासारखं बाहेर फेकून देतात. ह्याला रेडिएशन लागतं आणि एक वेगळंच औषध लागतं. नाकाबाहेर गेला नसेल तर खूप जण बरे होतात. पसरला असेल तर अवघड. "याचा अजून नाकातच आहे, इन्शाल्ला," त्या म्हणाल्या. भाईंनीही इन्शाल्ला म्हटलं आणि आपली राहिलेली कामं करायला निघून गेले.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही मला माहीत आहे. त्याच्या आदल्याच वर्षी एका चिनी बाईचा असाच लिम्फोमा आमच्याकडे आला होता, तेव्हा तो कातडीत आणि यकृतात पोचला होता. तिचा भाऊ खिडकीतून ब्लॉक घेऊन गेला. पुढचं काही कळलं नाही. आमच्या कामात बहुतेकांचं पुढचं काही कळत नाही.

ह्याचं मात्र कळत राहिलं. रेडिएशनची तारीख दुबईत लगेच मिळाली म्हणून तो इथेच थांबला आणि बायकोच इकडे आली. ओपीडीतली सिस्टर मला अधूनमधून सांगायची. वजन उतरलं. तोंड आतून सोलवटलं, आठवडा नुसत्या पेजेवर काढला. एका औषधाची रिॲक्शन आली, ती निभावली. गालाची सूज गेली. मी सारखं विचारते म्हणून सिस्टर एकदा म्हणाली, "आपका रिश्तेदार है क्या?" मी म्हटलं, तसंच समज.

सात-आठ महिन्यांनी त्याच नावाचा नवा तुकडा आला. टाळू आता भरून आली होती आणि उपचारांनंतर काही शिल्लक नाही ना हे बघायचं होतं. मी तो तसाच भाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. "तू काप."

"भाई, नको."

"मी काय जलमभर बसनार हाय हितं? काप."

मी काटा तीनदा बघितला. एकही पट्टी वाया घालवली नाही. डॉक्टरबाईंनी सगळे रंग केले, विषाणूची चाचणीही केली, आणि दुसऱ्या आठवड्यात रिपोर्टवर सही केली. काही नाही. स्वच्छ.

तो काचा न्यायला आला, घरच्या डॉक्टरांना दाखवायला. अंगाने निम्मा झालेला, डोक्यावर नवे केस, मास्क नाही. मी काचांचं पाकीट पुढे केलं, त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. तो निघाला असता. मीच त्याला थांबवलं. त्याला तोवर एवढंच सांगितलं गेलं होतं की तुकडा लहान होता म्हणून रिपोर्टला वेळ लागला. डॉक्टरबाईंना सांगितलं, फॉर्म भरला, पण तुकडा ना बाईंचा होता ना फॉर्मचा. मी त्याच्या फोनला हिंदीत सांगितलं. तुमचा तुकडा माझ्या हातून वाया गेला होता. माझं लक्ष नव्हतं. मी टाकून दिलेलं दुसऱ्या माणसाने उचलून ठेवलं, त्याच्यावर तुमचा रिपोर्ट झाला.

फोनने ते चिनीत सांगितलं. त्याने पुन्हा एकदा लावून ऐकलं. चेहऱ्यावरून मला काही कळेना. रागावला तर रागावू दे, त्याचा हक्क आहे, असं मनाशी म्हणत उभी राहिले. मग तो फोनशी सावकाश बोलला आणि ती गोड आवाजाची बाई म्हणाली, "मैं लिफ्ट लगाता हूँ. रस्सी टूट जाए तो नीचे एक पकड़ होती है, वह लिफ्ट को रोक लेती है. वह आदमी कहाँ है?"

मी भाईंना हाक मारली. ते हात पुसत बाहेर आले. खिडकीत पेशंट, इकडे माझ्या डोळ्यांत पाणी. भाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता फोनवर वाकले. "साब, जो बी गलती हुआ ना, मेरेसे हुआ," ते म्हणाले. "ये लडकी का कुच नय. हिदर बडा मैं है."

मी घाईने फोनकडे हात नेला, पण फोनने ते चिनीत सांगून टाकलं होतं, आणि तो माणूस काचांचं पाकीट बगलेत दाबून, खिडकीतून दोन्ही हात आत घालून भाईंचे हात शोधत होता.